हजारावरून उतरताना

"आरशात काय दिसतंय?" दादानं विचारलं.

"माझी कोपरं."

"मग बरोबर बसलीयस. ह्या गाडीच्या आरशात कोपराशिवाय काही दिसत नाही. मागं कोण आहे ते बघायची वेळच येणार नाही, असं बनवणाऱ्यानं धरलेलं असतं."

गगनबावड्याच्या एसटी स्टँडपुढं ढग उतरला होता. दसरा होऊन गेला होता, तरी बावड्याला कुणी ते कळवलं नसावं. टपरीवाल्याच्या शेगडीचा धूर कुठं संपतो आणि ढग कुठं सुरू होतो ते समजत नव्हतं. मी दादाच्या गाडीवर पहिल्यांदाच बसले होते. दोन्ही पायांचे नुसते चवडे जमिनीला टेकत होते, सगळा भार मनगटांवर येत होता, आणि पुढच्या काचेपलीकडं जग दहा पावलांवर संपत होतं.

गाडी हजार सीसीची, चार सिलिंडरची. आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपमध्ये तिला नुसतं 'हजार' म्हणायचे. माझी 'तीनशे', एका सिलिंडरची. पुढं पुढं माणसांनाही तीच नावं पडली होती. 'सहाशेचं लग्न ठरलं', 'चारशे आज येणार नाही, त्याच्या आईला बरं नाही', अशी वाक्यं आमच्यात सहज बोलली जायची. दादा तीन वर्षं हजार होता. त्याचं खरं नाव सन्मती बिरनाळे आहे, हे ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल.

त्या दिवशी हजार विकायची होती. कागदपत्रं आधीच झाली होती. कणकवलीचे घाडीगावकर घाटाखाली तळेऱ्याच्या तिठ्यावर येऊन गाडी ताब्यात घेणार होते. मग दादा एसटीनं परत येणार, मी माझ्या तीनशेवरून. आणि त्यानंतर तो गाडी चालवणार नव्हता. कुठलीच नाही. महिन्यापूर्वी त्यानं ग्रुपला तसं सांगून टाकलं होतं. "बायको नको म्हणते," तो म्हणाला, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही. मीही नाही. फक्त घरी राजश्रीवहिनीशी जरा तुटक बोलायला लागले.

मी चोवीस वर्षांची होते, भौतिकशास्त्रात नुकतीच एमएस्सी झाले होते. बाबा गेल्यापासून दादा आणि मी घरात फारसं बोलायचो नाही. भांडण नव्हतं, विषयच नसायचे. त्याचं शिरोलीतलं मशीन शॉप, माझी प्रयोगशाळा. पण रविवारी पहाटे अंगणात दोन गाड्या शेजारी शेजारी सुरू व्हायच्या, गरम होईपर्यंत आम्ही दोघं हात चोळत उभे राहायचो, आणि तेवढ्यात आठवड्याचं सगळं बोलून व्हायचं. त्याच्याच जुन्या दीडशेवर मी विद्यापीठामागच्या रस्त्यावर चालवायला शिकले होते. तो चालवायचा थांबला की रविवारची ती दहा मिनिटंही जाणार होती. तळेरं यायच्या आत त्याचं मन वळवायचं, असं मी ठरवून निघाले होते.

बावड्यापर्यंत एक शब्द तोंडातून निघाला नव्हता. चहा पिताना मी भलतंच बोलले. "दादा, एकदा मला चालवू दे."

तीन वर्षांत त्यानं हे कधी ऐकून घेतलं नव्हतं. "ह्याच्यावर शिकायचं नसतं," एवढंच उत्तर. आज त्यानं पेल्यातला शेवटचा घोट घेतला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. किल्ली इतक्या सहज देणाऱ्याचं मन गाडीतून आधीच उतरलेलं असतं.

"घाट पहिल्या गिअरमध्ये उतर," तो म्हणाला. "दुसरा लागणारच नाही."

"अख्खा घाट?"

"पहिल्यातच दीडशे जाते ती. तुला कुठं जायचंय?" मग माझ्या तीनशेकडं बघून, "ही चालू कशी करायची, ढकलून का?"

"बटण आहे."

"अरे वा. सुधारणा आहे."

करूळ घाटाच्या पहिल्या वळणाला मला कळलं की मला काहीच येत नाही.

माझ्या तीनशेवर प्रत्येक वळण म्हणजे एक गणित असतं. वेग कुठं सोडायचा, गिअर कधी पाडायचा, बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटरची मूठ किती लवकर पिळायची. चुकलं तर इंजिन धापा टाकतं, सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशी तक्रार करतं. जमलं तर असं वाटतं की त्या एका सिलिंडरला आणि मला मिळून काहीतरी सुचलं आहे. मूठ शेवटपर्यंत पिळायची, अडकेपर्यंत, आणि गाडीत आहे नाही ते सगळं वापरायचं. उरत काही नाही, म्हणून भीतीही उरत नाही.

हजाराला माझ्याकडून काही नको होतं. मूठ नखाएवढी हलली की ती पुढं सरकायची, सोडली की थांबायची, आणि मध्ये नुसती गुणगुणायची. तीनशेचे ठोके मोजता येत नाहीत, पण वेगळे कळतात. हजाराचे ठोके एकमेकांत विरघळून जातात आणि त्यांचा एक सूर होतो. ठोक्यांचा सूर नेमका कधी होतो, हा प्रश्न मी प्रयोगशाळेत यंत्राच्या पडद्यावर पाहिला होता. आता तो माझ्या पोटाखाली होता, आणि त्याचं उत्तर मला झोपवत होतं.

कारण खरंच झोप आल्यासारखं होत होतं. ढगातून कठडे यायचे, पांढरे, काळे, पांढरे, आणि मागं जायचे. दरी होती, पण दिसत नव्हती. सोनकीची पिवळी फुलं रस्त्याच्या कडेला तरंगत होती, देठांशिवाय. हेल्मेटच्या काचेवर पाणी साचायचं, मी ते हातमोज्यानं पुसायचे, आणि पुसल्यावर दिसायचं तेही पाणीच. मी गाडी चालवत नव्हते, कुणीतरी मला नेत होतं. ज्याला माझं नाव माहीत नव्हतं, कुठं जायचं ते माहीत नव्हतं, पण घाई मात्र अजिबात नव्हती असं कुणीतरी. वळायची वेळ आली की ते मोठं शरीर कूस बदलल्यासारखं, नाखुशीनं वळायचं. त्याला वळवायला मला दोन्ही हातांनी विनवणी करावी लागायची.

मागून कुठूनतरी माझ्याच गाडीचा आवाज येत होता. आरशात कोपरं होती.

घाटाखालचं करूळ गाव मागं पडलं आणि ढग एकदम वर राहिला. खाली ऊन होतं, ओला रस्ता वाळत होता आणि त्यातून वाफ उठत होती. दोन्हीकडून झाडं वाकलेली, मध्ये सरळ, रिकामा पट्टा. मी मनाशी म्हटलं, एकदाच.

मूठ मी पूर्ण पिळली नाही. अर्धीसुद्धा नाही. पण 'आता' असं मनात म्हणेपर्यंत ते 'मगाशी' झालं होतं. झाडं गेली. कुठं गेली ते सांगता येणार नाही. ती एक-एक होती, त्यांचा एक हिरवा लोट झाला, हातांना कुणीतरी पुढून ओढलं, आणि छातीतला श्वास जिथं होता तिथंच मागं राहिला. मी मूठ सोडली. पट्टा संपला होता. मी कुठलीही चूक केली नव्हती आणि काही बरोबरही केलं नव्हतं. धरणाचं एक दार बोटभर उचलावं आणि परत टाकावं, तेवढंच झालं होतं. बाकीचं सगळं पाणी माझ्या मागं तसंच उभं होतं, शांत, वाट बघत.

पुढं लहान लहान वळणं लागली, शेतांमधली, वेडीवाकडी. मी पुन्हा नखभर मूठ धरून चालले होते, तेवढ्यात उजवीकडून माझी तीनशे मला ओलांडून गेली.

दादा सहा फुटी माणूस. त्या गाडीवर तो शाळेच्या बाकावर बसलेल्या पालकासारखा दिसत होता, गुडघे कोपरांपर्यंत आलेले. पण ती गाडी ओरडत होती. माझ्याखाली ती कधी इतकी ओरडली नव्हती. त्यानं वळणात ती अशी झोपवली की त्याच्या बुटाचं टोक रस्त्याला घासलं, मग उचलली, गिअर, परत झोपवली, दुसऱ्या बाजूला. मी मागं राहू नये म्हणून मूठ पिळायला गेले आणि हजाराची आठवण होऊन थांबले. तिसऱ्या वळणानंतर तो दिसेनासा झाला. चौथ्यानंतर आवाजही गेला.

तो भेटला वैभववाडीच्या पुढं, एका मोरीच्या कठड्यावर बसलेला. हेल्मेट शेजारी, केस घामानं चिकटलेले. मी गाडी लावली. लावताना ती जवळजवळ आडवीच होत होती. त्यानं उठून धरली.

"तुझा दुसरा गिअर जरा कडक पडतो," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"बघायला पाहिजे." मग तो समोरच्या भाताकडं वळला. कापणीला आलेलं पिवळं शेत होतं. "पद्मे, तू मूठ शेवटपर्यंत पिळतेस?"

"घाटात? हो. नेहमीच. नाहीतर ती चढत नाही."

"मी पण पिळली आज. अडकेपर्यंत." त्यानं उजवा हात उघडून तळव्याकडं पाहिलं. "तीन वर्षं झाली असतील असं करून."

माझ्या तोंडात वहिनीबद्दलचं वाक्य आलंच. "मग वहिनीला समजावून सांग ना. मी बोलते तिच्याशी. असं एकाएकी सगळं सोडून द्यायला लावायचं म्हणजे..."

"तिनं कशाला लावलंय?"

"तू म्हणालास ना, बायको नको म्हणते."

तो हसला, पण आवाज न करता. "तिला काय पडलंय. तिच्या मते ह्या गाडीपेक्षा आपला मिक्सर मोठ्यानं ओरडतो. मीच म्हटलं तिला, काय सांगू लोकांना. तर म्हणाली, माझं नाव सांगा, तसंही तुमच्या ग्रुपमध्ये मला कोण ओळखतंय."

महिनाभर त्या बाईकडं मी जेवताना भाकरीसुद्धा नीट मागितली नव्हती.

"मग का सोडतोयस?"

"आवडत नाही मला ती," दादा म्हणाला. हजारानं ऐकू नये अशा बेतानं, हळू. "कधीच आवडली नाही. पहिल्या दिवसापासून. आता तू चालवलीस ना. काय वाटलं?"

मी विचार करून सांगितलं. "ती माझी वाट बघत होती, असं."

"बरोबर. मी कधी तिच्याएवढा होतोय म्हणून. दर रविवारी. घाट चढून वर चहाला थांबलो की सगळे विचारायचे, काय हजार, आली का मजा? मी म्हणायचो, लई. मान दुखून आलेली असायची."

"मग लहान घे."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्याला परत पाचवीच्या वर्गात जाऊन बसायला सांगितलं होतं.

"कुणासमोर? दीडशे, अडीचशे, चारशे, सहाशे, हजार. वर जायचा रस्ता सगळ्यांना पाठ आहे. खाली आलेला एक माणूस दाखव मला आपल्यात. लोक विचारतात, काय झालं, पडलास काय? धंदा बसला काय?"

"म्हणून चालवायचंच बंद?"

"बंद करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. उलट चहा पाजतात. सहाशेनं तर माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्याकडं पण तेच आहे म्हणाला, बायकांचं काय सांगावं."

मला हसू आलं. त्यालाही आलं. मग ते थांबलं आणि भातावरून वारा गेला. मी त्याला सांगायचं म्हणून किती मुद्दे गोळा केले होते. क्षमता, वजन, घाटातल्या रस्त्यावर त्यातली प्रत्यक्ष किती वापरता येते. सगळे बरोबर होते, आणि तो ते माझ्याआधी तळहातानं शिकून बसला होता. त्याला हवं होतं ते माझ्याकडं नव्हतं.

घाडीगावकरांचा फोन आला. ते तळेऱ्याला पोचले होते. मी हेल्मेट घातलं आणि वळले, तर दादा आधीच तीनशेवर बसला होता.

तळेऱ्याच्या तिठ्यावर एका नारळाच्या गाड्याशेजारी घाडीगावकर उभे होते. गोल, बुटके, कणकवलीत बर्फाचा कारखाना चालवणारे. त्यांना कुणीतरी मोटारीनं सोडलं होतं, आणि नवं कोरं हेल्मेट ते लहान मुलाला धरावं तसं काखेत धरून होते. हजारावरून मी उतरले आणि केस मोकळे केले, तेव्हा ते जरा गोंधळले.

"ही ताई चालवतत?"

"गाडी ह्याची आहे," मी म्हटलं. "मी घाटापुरती."

ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले. टाकीला हात लावला, काढला, रुमालानं बोटांचे ठसे पुसले. मग दादाला म्हणाले, "एवढी चांगली ठेवल्यात. मगे विकतास कित्याक?"

दादानं तोंड उघडलं. मला वाक्य पाठ होतं. ग्रुपला पाठ होतं. चांगलं चालणारं, वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य होतं ते. त्याचा एक हात अजून माझ्या तीनशेच्या मुठीवर होता.

"मला झेपली नाही," तो म्हणाला.

तिठ्यावर एक ट्रक वळून गेला. घाडीगावकरांनी दादाकडं नीट बघून घेतलं, आणि मला भीती वाटली की आता हा माणूस हसणार.

"माका तरी खंय झेपतली," ते म्हणाले. "पण एकदा तरी व्हयी होती. दारात उभी रवली तरी चलात."

"उभी नका ठेवू. हळू चालवा. पहिल्यातच."

"पयल्यातच," त्यांनी मान हलवली, प्रसाद घेताना हलवतात तशी. आणि ते गेले, वीसच्या वेगानं, दोन्ही पाय जमिनीजवळ धरून, मागून येणाऱ्या स्कूटींना वाट देत. त्यांच्या पाठीवरून त्यांचा आनंद दिसत होता.

आम्ही दोघं उरलो. कोल्हापूरची एसटी यायला अवकाश होता. मी तीनशेपाशी जाऊन हात पुढं केला. "किल्ली."

दादा खिशात हात घालून उभा राहिला. किल्ली त्याच्या मुठीत वाजली.

"पद्मे," तो म्हणाला, "तू एसटीनं येशील?"

माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा माणूस. बाबांनंतर घरातले सगळे निर्णय त्यानं एकट्यानं घेतले होते, आणि त्यानं कुणाकडं काही मागितलेलं मला आठवत नाही.

"पेट्रोल कमी आहे," मी म्हटलं.

"भरतो."

"आणि दुसरा गिअर..."

"कडक पडतो. माहीत आहे."

ग्रुपचं पुढं काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही. दोन रविवार चेष्टा झाली. काय तीनशे, पडलास का, धंदा बसला का, सगळं विचारून झालं. दादा चहा पीत राहिला. तिसऱ्या रविवारी सहाशे त्याला बाजूला घेऊन म्हणाला, जरा बघू रे चालवून. माझी तीनशे त्याच्याकडंच राहिली. मी वर्षभर वहिनीची स्कूटी वापरली, आणि मग दुसरी तीनशे घेतली. पण मला आठवतं ते एसटीतलं.

खिडकीशी जागा मिळाली होती. हेल्मेट मांडीवर होतं. कंडक्टर तिकीट फाडताना थांबला. "गाडी कुठाय ताई?"

"पुढं गेली."

"तुम्हाला सोडून?"

"हो."

त्यानं सहानुभूतीनं सुट्टे पैसे दिले.

घाट सुरू झाला तशी बस कण्हायला लागली. इतकं मोठं इंजिन, आणि त्याच्यावर एवढी माणसं, गोण्या, एक कोंबड्यांची पाटी. तिसऱ्या वळणाच्या आसपास ढग खिडकीतून आत आला. माणसं पेंगत होती. मीही डोळे मिटले होते. दादा एव्हाना बावडा ओलांडून कळे गावाच्याही पुढं गेला असेल, असा हिशेब करत होते.

मग वरून आवाज आला. एक सिलिंडर, वेगळे ठोके. तो वळणावळणानं खाली येत होता. ढगातून दिवा आला, त्यामागं दुमडलेले गुडघे, आणि माझी तीनशे बसला घासून खाली गेली. मला वाटलं, दादा मला बघायला परत आला. मी खिडकीतून डोकं काढलं. त्यानं बसकडं पाहिलंसुद्धा नाही.

अर्धा घाट चढून झाला तेव्हा तोच आवाज मागून आला. ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली. तो वर गेला, पुढच्या वळणात झोपला, उठला, ढगात शिरला.

"मगाशी खाली गेला तोच हा," कंडक्टर म्हणाला. "काय हरवलंय काय ह्याचं घाटात?"

"हरवलं असतं तर एवढ्या जोरात जाऊन गावलं असतं व्हय," कोंबड्यांवाली म्हातारी म्हणाली.

मी काच पुसली आणि कान देऊन बसले. वर कुठंतरी गिअर पडला, कडक, मग मूठ शेवटपर्यंत पिळली गेली. इंजिन ओरडत ओरडत चढत राहिलं, आणि बावड्याच्या टोकाशी पोचल्यावर पुन्हा खाली वळलं.